लेकीने शुगर शेअरिंग बंद केलंय. मधुमेह कळणारा मनाचा आधार फोनवर मिळतो का कुठे?

विभाग: आरोग्य » टाइप १

नाशिकची_आई (धागालेखिका) | सोमवार, रात्री ११.५२

बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, लिहायची ही पहिलीच वेळ. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

लेक एकोणीस वर्षांची. पुण्यात इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, हॉस्टेलवर. अकराव्या वर्षापासून टाइप १ मधुमेह, म्हणजे शरीरात इन्सुलिन बनतच नाही. (चॉकलेटं खाऊन झालेला नाही, घराण्यात कुणाला नाही आणि पथ्याने जाणार नाही. आधीच सांगून टाकते, पुढचा वेळ वाचेल.) दिवसाला चार इंजेक्शनं, दंडावर शुगर मोजणारा चौदा दिवसांचा सेन्सर. त्याचा आकडा तिच्या फोनवर आणि तिथून माझ्या फोनवर. तिला पुण्याला पाठवताना ही माझीच अट होती.

तीन आठवड्यांपूर्वी रात्री पावणेतीनला माझा फोन किंचाळायला लागला. शुगर ५४, म्हणजे फारच कमी, आणि बाण खाली. मी अकरा फोन केले, एकही उचलला नाही. मग रेक्टरबाईंना उठवलं. त्या बिचाऱ्या गाऊनवर शाल गुंडाळून तीन जिने चढल्या, दार बडवलं, सगळा मजला जागा झाला. लेक गाढ झोपलेली, फोन सायलेंटवर. बोट टोचून पाहिलं तर ११८, म्हणजे ठीक. सेन्सरच्या हातावरच कूस करून झोपली होती म्हणे.

दुसऱ्या दिवशी शेअरिंग बंद. मी रागावले, रडले, तिच्या बाबांना मध्ये घातलं. तिने एवढंच लिहिलं: "मागच्या महिन्यातले आपले मेसेज वर जाऊन वाच."

वाचले. माझे असे आहेत: किती आहे? खाल्लंस का? २६० का? इन्सुलिन घेतलंस? बाण अजून वर आहे. उत्तर दे. आता किती? मध्येच एकदा तिने लिहिलंय, "आज रूमीचा बर्थडे होता, पोट दुखेपर्यंत हसलो." त्यावर माझं उत्तर, "केक किती खाल्लास?"

असो. खरी काळजी पुढेच आहे. एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी) वर्षभरात ७.४ वरून ९.१ वर गेली. संध्याकाळी नुसती पडून असते असं रूममेट सांगते. दिवाळीत घरी आली तेव्हा जेवणाआधी इन्सुलिनचं पेन हातात धरून पाच मिनिटं नुसती बसलेली मी पाहिली. काय झालं विचारलं तर "कंटाळा आलाय". डॉक्टरांच्या कानावर घातलं, त्यांनी दोन युनिटं वाढवून दिली. बाहेर साठ पेशंट बसलेले, त्यांना तरी काय बोलणार.

मानसोपचाराच्या दवाखान्याची पायरी ती चढणार नाही. फोनवर, चॅटवर, व्हिडिओवर बोलेल कदाचित. तर दोन प्रश्न. टाइप १ म्हणजे काय हे ज्याला पहिल्यापासून समजावून सांगावं लागणार नाही असं कुणी ऑनलाइन भेटतं का? आणि शेअरिंग परत सुरू करायला लावू का?

---

चार_एमएम | मंगळवार, सकाळी ७.३०

काकू, मी सव्वीस वर्षांचा, हिंजवडीत नोकरी, टाइप १ ला चौदा वर्षं झाली.

आधी त्या ५४ बद्दल. ह्याला आम्ही कॉम्प्रेशन लो म्हणतो. सेन्सर रक्तातली साखर मोजत नाही, कातडीखालच्या द्रवातली मोजतो. त्या हातावर वजन पडलं की तिथला द्रव नीट फिरत नाही आणि आकडा धाडकन आपटतो. कूस बदलली की पुन्हा वर. माझं महिन्यातून दोनदा होतं. हे रेक्टरबाईंना एकदा समजावून सांगा, पुढच्या वेळी त्या आधी बोट टोचून बघतील.

आता शेअरिंग. मी शाळेत असताना सेन्सर नव्हते, वही होती. ग्लुकोमीटरबरोबर एक कंट्रोल सोल्यूशनची बाटली मिळते, मशीन बरोबर चालतंय का ते तपासायला. मी त्याचा थेंब पट्टीवर टाकून आईला १२०-१३० दाखवायचो. वहीत माझी शुगर दोन वर्षं एखाद्या साधुपुरुषासारखी आहे. मग एचबीएवनसी आली १०.८ आणि भांडं फुटलं. का करायचो? मशीनवर २८० दिसलं की आमच्या घरात सुतक पडायचं. आई स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटायची, बाबा पेपर वर धरायचे. कुणी ओरडायचं नाही, पण मला वाटायचं २८० म्हणजे मीच. तुमच्या मुलीला थेंबाची चलाखी करता येत नाही, सेन्सर सगळं सांगतो. म्हणून तिने वायरच काढली.

मला कशाने बरं वाटलं ते सांगतो. अ‍ॅप नाही, डॉक्टर नाही. नऊ जणांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, सगळे टाइप १, वय अठरा ते तीस. एकच नियम, आकडा विचारायचा नाही. कुणी आपणहून टाकला तर टाकला. रात्री तीनला कुणीतरी फोटो टाकतं: स्टीलचा चमचा थेट ग्लुकोजच्या डब्यात, नाहीतर पार्ले-जीचा रिकामा कागद. खाली दुसरा, "मी पण जागाच आहे." बस. त्या वेळी शुगर ६० असताना अंधाऱ्या स्वयंपाकघरात उभं राहून घामाघूम होणारे आपण एकटेच नाही एवढं कळलं तरी पुरतं.

त्याआधी एका अडीचशे जणांच्या ग्रुपवर होतो. तिथे लोक दिवसभर आडव्या रेघेसारखे सपाट आलेख टाकायचे, खाली टाळ्या. माझा आलेख सह्याद्रीसारखा. दोन महिन्यांत बाहेर पडलो. तेव्हा ग्रुप शोधाल तर लहान शोधा.

---

अण्णा_जुन्नरकर | मंगळवार, सकाळी ८.१०

ताई, मन वगैरे नंतर. सकाळी अनशापोटी कारल्याचा रस आणि भिजवलेल्या मेथ्या चालू करा. माझ्या मेव्हण्याची गोळी बंद झाली.

चार_एमएम | मंगळवार, सकाळी ८.१४

अण्णा, मेव्हण्यांना टाइप २ असणार. आमच्या शरीरात इन्सुलिन बनतच नाही. ते थांबवलं तर दोन-तीन दिवसांत अतिदक्षता विभाग. कारलं भाजी म्हणून आवडतं मला.

संपादक | मंगळवार, सकाळी ९.००

इन्सुलिन बंद किंवा कमी करायला सांगणारे प्रतिसाद ह्या धाग्यावरून उडवले जातील.

---

पट्टी_लॅन्सेट | मंगळवार, दुपारी २.२०

मी कोल्हापुरात डायबेटीस एज्युकेटर आहे. मेसेजचा तो भाग तुम्ही इथे लिहिलात ह्याचंच मला कौतुक वाटलं. बहुतेक पालक तो गाळतात.

दोन गोष्टी वेगळ्या करू या. एक नैराश्य. दुसरी, जिला आमच्याकडे डायबेटीस डिस्ट्रेस म्हणतात. साध्या मराठीत ह्या आजाराचाच शीण. मोजा, टोचा, खा, पुन्हा मोजा, रविवारी सुट्टी नाही, आणि सगळं बरोबर करूनही एखाद्या दिवशी शुगर ३०० येते ती येतेच. शीण आलेलं पोर मैत्रिणींत हसतं-खेळतं, पण पेन हातात घेतलं की विझतं. नैराश्यात मैत्रिणीही नकोशा होतात. तुमच्या लेकीचं पेन धरून बसणं आणि बर्थडेला पोट दुखेपर्यंत हसणं एकत्र वाचलं तर मला आधी शिणाचाच संशय येतो. पण संध्याकाळी पडून राहणं दोन्हीत बसतं, आणि नुसत्या चढलेल्या शुगरनेही माणूस आडवा होतो. थकवा, झोपेचं खोबरं, लक्ष न लागणं हे नैराश्याच्या प्रश्नावलीतही असतं आणि ३०० शुगरमध्येही. म्हणून इथे बसून निदान करत नाही.

शीण मोजायची एक साधी प्रश्नावली आहे, नाव 'पेड'. बोस्टनच्या जॉस्लिन डायबेटीस सेंटरच्या मंडळींनी १९९५ साली आणली. वीस प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४, बेरजेला सव्वाने गुणलं की शंभरपैकी गुण. ४० किंवा वर आले तर कुणाशी तरी नीट बोलायची वेळ झाली असं धरतात. फोनवर दहा मिनिटांत भरून होते. ती तिने भरायची आणि आकडा तिचा तिने ठेवायचा. तुम्ही मागायचा नाही, नाहीतर हीही एक शुगरच झाली. पालकांसाठी अशीच वेगळी प्रश्नावली आहे. ती तुम्ही भरा.

कुठे बोलायचं:

टेलि-मानस, क्रमांक १४४१६. केंद्र सरकारची सेवा, १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू. चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. समोरचा समुपदेशक मनाचा जाणकार असतो, मधुमेहाचा असेलच असं नाही. रात्री दोनला कुणीतरी माणूस हवा असेल तर हा नंबर तिच्या फोनमध्ये असू द्या.

मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं (टीस) आयकॉल. फोन, ई-मेल आणि चॅटवर समुपदेशन करतात. तोंडाने बोलायला संकोच वाटणाऱ्या पोरांना ई-मेल फार सोपा जातो असा माझा अनुभव.

पुण्यातच ब्लू सर्कल डायबेटीस फाउंडेशन आहे. स्वतः मधुमेह असलेल्यांनी चालवलेलं, ऑनलाइनही जोडून घेतात. चार_एमएम म्हणतात तसली माणसं तिथे भेटतील.

नियमित सत्रं हवी असतील तर ऑनलाइन क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बघा, आणि आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी आहे का ते विचारा. विचारायला लाजू नका. इन्स्टाग्रामवर सध्या कुणीही थेरपिस्ट आहे.

आता जे फोनवर निभणार नाही ते. उलट्या, पोटदुखी, श्वास खोल आणि जोरात, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास: हा कीटोअ‍ॅसिडोसिस. इन्सुलिन कमी पडून रक्तात आम्ल साठतं. समुपदेशन नंतर, आधी हॉस्पिटल. वजन भराभर उतरतंय आणि ती इन्सुलिन मुद्दाम टाळतेय असं दिसलं तर तो खाण्यापिण्याचा गंभीर मानसिक आजार असू शकतो, मुलींमध्ये आम्ही पाहतो. आणि इन्सुलिन जाणूनबुजून जास्त घ्यावं किंवा सगळंच सोडून द्यावं असं तिच्या मनात येतंय का, हे तिला सरळ शब्दांत विचारा. विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर "हो" किंवा नुसतं गप्प आलं तर त्याच दिवशी प्रत्यक्ष डॉक्टर, आणि तोवर तिला एकटं सोडायचं नाही.

---

नाशिकची_आई | मंगळवार, रात्री १०.४०

आत्ता विचारलं. 'मी पेनकडे बघत नाही, तुझ्याकडे बघते' असं काहीतरी पाठ केलं होतं, फोनवर सगळं विसरले. सरळच विचारलं. ती म्हणाली, "नाही गं. मरायचं नाहीये. एक आठवडा फक्त डायबेटीस नको आहे." मग आम्ही दोघी रडलो. शुगर विचारली नाही.

---

लेस्टरकर | बुधवार, पहाटे ४.०५

इथून लिहितोय, वेळेचं मनावर घेऊ नका. माझा मुलगा बारा वर्षांचा, टाइप १. इंग्लंडमध्ये मुलांच्या डायबेटीस टीमला जो जादा निधी मिळतो त्याच्या अटींतच आहे की वर्षातून एकदा मुलाची मानसिक गरज तपासायची. पाय तपासतात, डोळे तपासतात, तसंच. त्यामुळे 'तुला वेड लागलंय का' हा प्रश्नच निघत नाही. हे तपासणं फुकटात होतं, पण पुढे प्रत्यक्ष सायकॉलॉजिस्टसाठी रांग असते, इथे सगळं आलबेल आहे असं समजू नका.

डिजिटल म्हणालात म्हणून एक जुना प्रयोग आठवला, नर्सने सांगितला आणि मग मी शोधून वाचला. स्कॉटलंडमध्ये डंडीला 'स्वीट टॉक' म्हणून केला होता, २००६ मध्ये छापून आला. ८ ते १८ वयाची ९२ मुलं. स्मार्टफोनच्या आधीचा काळ, साधे एसएमएस. मुलाने क्लिनिकमध्ये जे ध्येय ठरवलं असेल त्याला धरून संगणक त्याला मेसेज पाठवायचा. निष्कर्ष मजेदार आहे. मुलांचा आपल्याला जमेल हा विश्वास वाढला, इन्सुलिन पाळणं सुधारलं असं त्यांनी सांगितलं. पण नुसत्या मेसेजने एचबीएवनसी हलली नाही. मेसेजच्या जोडीला ज्यांची इन्सुलिनची पद्धतही बदलून नीट बसवली त्यांचीच खाली आली. आणि मुलं त्या संगणकाच्या मेसेजला आपणहून उत्तरं लिहायची, भरपूर.

काकू, तुम्ही पण मेसेजच पाठवत होता की. त्या संगणकाचे जरा बरे होते एवढंच. (रागावू नका, माझेही तुमच्यासारखेच असतात. परवा मुलाला शाळेत फुटबॉलच्या मॅचमध्ये असताना "ज्यूस पी" पाठवलं, तो गोलकीपर आहे.)

---

पट्टी_लॅन्सेट | बुधवार, दुपारी १.१५

लेस्टरकरांना जोड. भारतातही एक मोठा अभ्यास झालाय. दिल्ली, चेन्नई, बेंगळुरू आणि विशाखापट्टणमच्या चार दवाखान्यांत ४०४ रुग्ण, निष्कर्ष २०२० मध्ये आले. मधुमेह आणि नैराश्य दोन्ही असलेली मोठ्या वयाची माणसं, त्यामुळे तुमच्या लेकीला जसाच्या तसा लागू नाही. पण पद्धत बघा. डॉक्टर नसलेला एक प्रशिक्षित समन्वयक रुग्णाच्या संपर्कात राहायचा, साखर आणि मन दोन्हीची चौकशी करायचा, आणि संगणक डॉक्टरला सुचवायचा की ह्याचं औषध आता बदलायला हवं. नेहमीच्या उपचारापेक्षा नैराश्य आणि साखर-रक्तदाब-कोलेस्टेरॉल दोन्ही बाजूंनी फरक पडला. यंत्राने आठवण ठेवली आणि चौकशी माणसाने केली. साठ पेशंटच्या ओपीडीत डॉक्टरने दोन युनिटं वाढवली तर त्यात मला नवल वाटत नाही, मधला तो माणूसच आपल्याकडे नसतो.

---

कांदापोहे_आणि_कोड | बुधवार, रात्री ९.३०

पेशाने सॉफ्टवेअरवाला, बायको टाइप १. चॅटबॉटबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो.

मागच्या वर्षी एका मनःस्वास्थ्याच्या बॉटची (नाव नको) मी मुद्दाम परीक्षा घेतली. लिहिलं, "हात थरथरतायत, घाम फुटलाय, छाती धडधडतेय, भीती वाटतेय." त्याने मला चार आकडे मोजत श्वास घ्यायला लावला. मग लिहिलं, "मी इन्सुलिन घेते." पुन्हा श्वासच. आता ही लक्षणं पॅनिकची आहेत तशीच हायपोचीही (शुगर फार खाली जाण्याची) आहेत. ७० च्या खाली गेलेल्या पोरीला डोळे मिटून श्वास मोजायला सांगणं म्हणजे कमालच. बायकोचा नियम असा: भीती वाटली की आधी बोट टोच. शुगर कमी असेल तर पंधरा ग्रॅम ग्लुकोज, पंधरा मिनिटं थांब, पुन्हा मोज. शुगर ठीक असेल तर मग ती भीती, तिचं बघू. बेशुद्ध पडली तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट हॉस्पिटल. तुमच्या लेकीच्या रूममेटला हे तोंडपाठ हवं.

बॉट वाईटच असं नाही म्हणत. रात्री मनातलं लिहून काढायला बरे असतात, विचारांची गाठ सोडवायच्या काही युक्त्या त्यातून शिकता येतात. पण त्यांचा भरवसा किती? वूबॉट म्हणून अमेरिकेत एक नावाजलेला बॉट होता, २०१७ मध्ये त्याच्यावर स्टॅनफर्डच्या लोकांचा अभ्यास आला होता. ३० जून २०२५ ला त्याचं अ‍ॅप बंद झालं. ज्याच्यापाशी तीन वर्षं मन मोकळं केलं तो एका तारखेपासून नाहीच.

आणि कायद्याचं. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठराच्या आतल्या मुलांसाठी पालकांची संमती लागते. तुमची लेक एकोणीसची. तिचा शुगरचा डेटा तिचा आहे, तो कुणाला दाखवायचा ते ती ठरवणार. समुपदेशकही तिच्या सत्रातलं तुम्हाला सांगणार नाही, फी तुम्ही भरलीत तरी. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तो तिचा हक्क आहे. तेव्हा दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर: 'करायला लावू का' असं विचारू नका, तिला विचारा काय चालेल.

---

सुनंदाताई | बुधवार, रात्री ९.५५

कायदा ठीक आहे हो, पण आईच्या पोटात कालवतं त्याचं कलम कुठलं?

कांदापोहे_आणि_कोड | बुधवार, रात्री १०.०१

ते मान्य. निरुत्तर.

---

तीळगूळ_नको | गुरुवार, रात्री १२.१०

मी बावीसची, लातूर जिल्ह्यातली, एमए करतेय. सेन्सर परवडत नाही. चौदा दिवसांचे चार-पाच हजार म्हणजे आमच्या घरचा किराणा. मी दिवसातून तीनदा पट्टी वापरते, पट्ट्या संपत आल्या की दोनदा. तेव्हा शेअरिंगचं भांडण मला थोडं श्रीमंतीचं वाटलं, प्रामाणिकपणे सांगते. पण "केक किती खाल्लास" माझ्या घरातही आहे, फक्त तोंडी आहे. संक्रांतीला आत्या सगळ्यांच्या हातावर तीळगूळ ठेवते आणि माझ्यापाशी आली की वाटी मागे घेते, चेहरा असा करते की मीच तिची माफी मागावी. माझं नाव तिथूनच आलंय.

मी गेल्या वर्षी ऑनलाइन समुपदेशन घेतलं. पहिल्या ताईंना वाटत होतं मी गोड सोडलं की बरी होईन. पन्नास मिनिटांतली पस्तीस मी त्यांना टाइप १ शिकवत होते, पैसे माझेच. दुसऱ्या सत्रातही तेच. मग तिसऱ्या वेळी दुसऱ्या ताई बघितल्या आणि आधी एक कागद लिहून फोटो पाठवला. त्यात: मला काय आहे, दिवसातून किती वेळा टोचते, हायपो झालं की मी कशी वागते (चिडते, मग रडते, मग आठवत नाही), घरात कोण काय बोलतं, आणि शेवटी ठळक अक्षरांत, "मला पथ्य सांगू नका." त्या कागदाने सगळं बदललं. त्यांनी पहिलंच वाक्य विचारलं, "हायपोनंतर रडू येतं ते कसलं असतं?" मला आजवर कुणी हे विचारलं नव्हतं. घरात विचारतात, हायपो का झालं.

आणखी एक, जे शहरातल्यांना सुचत नाही. ऑनलाइन बोलायचं तर बोलायचं कुठे? आमच्या दोन खोल्या, आजी कायम घरात, शेजारची वहिनी उंबऱ्यात. मी गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे बसायचे. जानेवारीत बरं होतं, एप्रिलमध्ये टाकीच्या सावलीबरोबर सरकत सरकत बसायचे. वर कुणी वाळवण घालायला आलं की ताईंना ठरलेली खूण: मी म्हणायचे "हो, नोट्स पाठव", त्या समजायच्या आणि फक्त हो-नाही उत्तरांचे प्रश्न विचारायच्या. कधीकधी नुसतं टाइप करून बोलायचो. नेट गेलं की तेही गेलं. तरी बसने लातूरला जाऊन 'मनाच्या डॉक्टरां'च्या पाटीखाली बसण्यापेक्षा टाकी परवडली. इथे लग्नाची बोलणी चालू होतील आता. आईचं म्हणणं डायबेटीस नंतर सांगू. मन तर सांगूच नका.

माझी एचबीएवनसी ९.८ होती, आता ८.६ आहे. अजून चांगली नाही हे माहीत आहे, कुणी लिहू नका.

---

चार_एमएम | गुरुवार, सकाळी ७.१०

तीळगूळ_नको, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. आमचे नऊचे दहा होऊ शकतात.

पट्टी_लॅन्सेट | गुरुवार, सकाळी ९.४०

तो कागद! मी आजपासून माझ्या सगळ्या पोरांकडून लिहून घेणार. आणि लातूरला पट्ट्यांचं काय करता येईल ते बघते, व्यनि बघा.

अण्णा_जुन्नरकर | गुरुवार, सकाळी १०.२०

कारल्याचं मागे घेतो. नात आहे मला पण. आत्याबाईंना माझ्यातर्फे दोन शब्द सांगा म्हणावं.

---

नाशिकची_आई | पाच आठवड्यांनी, रविवार, संध्याकाळी ६.१५

बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून कळवते.

हा धागा मी तिला पाठवला. पाठवावा की नाही ह्यावर दोन दिवस घालवले. तिने दीड तासाने नुसतं लिहिलं, "टाकीवाली भारी आहे."

मग तिने स्वतःचा कागद लिहिला. मला दाखवला नाही. पेड प्रश्नावली भरली, ४६ आले, हे तिने आपणहून सांगितलं. मी पालकांची भरली. माझा आकडा मी सांगत नाही, पण त्यानंतर आमचे हे म्हणाले की समुपदेशन तू पण घे.

एक क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट ऑनलाइन मिळाल्या, नोंदणी विचारून घेतली, पन्नास मिनिटांचे बाराशे. तीन सत्रं झाली. पहिलं व्हिडिओवर, मग तिलाच नको झालं, आता नुसता आवाज, ती कानात घालून हॉस्टेलच्या मैदानाला फेऱ्या मारते. काय बोलतात मला माहीत नाही. पहिल्या सत्रानंतर मी विचारलं होतं, ती म्हणाली, "आई, कलम." कांदापोहे, हे तुमच्यामुळे.

शेअरिंगचं असं ठरलं, तिने सांगितलं आणि मी लिहून घेतलं. रात्री अकरा ते सकाळी सात चालू, दिवसा बंद. अलार्म आला तर मी फक्त एक प्रश्नचिन्ह पाठवायचं. दहा मिनिटांत अंगठा आला नाही तर रूममेटला फोन. रेक्टरबाई सगळ्यात शेवटी. दिवसा आकडा विचारायचा नाही. दर रविवारी ती आठवड्याचा आलेख पाठवणार आणि त्यावर मी चोवीस तास एक शब्द बोलायचा नाही. चोवीस तासांनी बहुतेक वेळा बोलण्यासारखं काही उरत नाही, हे मला नवीनच कळलं.

सगळं सुरळीत आहे असं नाही. मागच्या गुरुवारी मी तिच्या मावशीला फोन करायला लावला, नुसतं कशी आहेस विचार म्हणून. मावशीने तिसऱ्या वाक्याला "आणि शुगर?" केलं. पकडले गेले. दोन दिवस अबोला. एका रात्री ती अकराला चालू करायला विसरली आणि मी साडेतीनपर्यंत छताकडे बघत पडले, पण फोन केला नाही. संध्याकाळी अजून पडून असते, पण रोज नाही. एचबीएवनसी मार्चमध्ये करायची आहे, तोवर काय ते कळणार नाही.

पट्टी_लॅन्सेट | रविवार, संध्याकाळी ७.०२

दहा मिनिटं ठीक. रूममेटला ग्लुकोज कुठल्या कप्प्यात आहे ते अंधारातही सापडायला हवं, एकदा दिवे बंद करून सराव करून घ्या. खरंच सांगते, हसू नका. आणि मार्चमध्ये आकडा खाली आला नाही तरी सत्रं थांबवू नका.

तीळगूळ_नको | रविवार, रात्री ८.३०

टाकीवालीकडून तिला नमस्कार. मैदान आहे म्हणजे मजा आहे तिची.

लेस्टरकर | रविवार, रात्री ११.४८

काकू, रूमीच्या बर्थडेचा केक कसला होता ते विचारलंत का मग?

नाशिकची_आई | सोमवार, सकाळी ६.५०

विचारलं. बटरस्कॉच. वर तिचं नाव चुकीचं लिहून आलं होतं, त्यावरच हसत होत्या.

सुनंदाताई | सोमवार, सकाळी ८.१५

अवांतर: घामाने सेन्सरची चिकटपट्टी सुटते त्यावर कुणी काही वापरतं का? भाच्याचा कबड्डीत दुसऱ्यांदा निघाला.

चार_एमएम | सोमवार, सकाळी ८.२२

वरून खेळाडू वापरतात ती ताणणारी टेप, मध्ये भोक पाडून. पण ह्याला नवा धागा काढा, फोटोसकट सांगतो.